नवा होम सर्व्हर सुरूच होत नाही? आधी बटणाची वायर तपासा

सगळं जोडलं, बटण दाबलं आणि पंखासुद्धा हलला नाही, तरी मदरबोर्ड परत पाठवायची घाई करू नका. पॉवर सप्लायच्या मागचा स्विच रेघेच्या बाजूला आहे ना, बघा. गोल म्हणजे बंद. मग पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला वीज देणारा २४ पिनांचा कनेक्टर खटका बसेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेला असला तरी वरून चांगलाच दिसतो.

माझ्या अनुभवात खरी गोची होते ती कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरीत. एक पिन बाजूला बसली की बटण कितीही दाबा, उपयोग शून्य. मदरबोर्डच्या पुस्तिकेत पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा, वायर काढा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्ही पिनांना क्षणभर टेकवा. तिथे जेमतेम ३ ते ५ व्होल्ट असतात, शॉकची भीती नाही. शेजारच्या पिनेला मात्र टोक लागू देऊ नका. पंखे फिरले तर दोष बटणाचा किंवा वायरीचा.

तरीही हालचाल नाही? प्लग काढा, बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि प्रोसेसर, कूलर, एकच रॅम लावून पाहा. बाहेर चालला तर बहुतेक बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून लावायचा छोटा खांब) नको त्या जागी राहिलाय.