शार्नहोर्स्टची शेवटची लढाई नीट समजून घ्यायची असेल तर

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन बॅटलशिप म्हटलं की सगळे बिस्मार्कच्या मागे धावतात, पण एका दिवसात सुरू होऊन संपणारी लढाई अभ्यासायची असेल तर शार्नहोर्स्ट घ्या. जर्मन तिला बॅटलशिप म्हणायचे, ब्रिटिश बॅटलक्रूझर, त्या वादात अजिबात अडकू नका, मुख्य तोफा नऊ आणि त्या २८ सेंटीमीटरच्या एवढं पुरे.

आधीची कारकीर्द भराभर उरका. जानेवारी १९३९ ला नौदलात दाखल, जून १९४० मध्ये तिच्याच जोडीच्या ग्नायझेनाऊसोबत ब्रिटिशांची विमानवाहू ग्लोरियस बुडवली, फेब्रुवारी १९४२ ला फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरातून निघून ब्रिटिशांच्या नाकावर टिच्चून इंग्लिश खाडीतून पार झाली.

आता नॉर्वेच्या वरच्या टोकाचा नकाशा काढा आणि आल्टाफ्योर्ड, नॉर्थ केप, बेअर आयलंड एवढ्या तीनच खुणा करा. शार्नहोर्स्ट २५ डिसेंबर १९४३ च्या संध्याकाळी आल्टाफ्योर्डमधून निघाली, रशियाला माल नेणारा जेडब्ल्यू ५५बी ताफा गाठायला, सोबत पाच डिस्ट्रॉयर. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही, त्यात वादळ. म्हणून नुसती तोफांची तुलना करत बसलात तर काहीच कळणार नाही, कागदावर वेळ लिहा आणि प्रत्येक वेळेसमोर एकच गोष्ट लिहा, कोणाला कोण दिसतंय.

म्हणजे असं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाच्या आसपास ब्रिटिश क्रूझरांनी तिला रडारवर पकडून गोळे टाकले आणि त्यातल्या नॉर्फोकच्या गोळ्याने तिचं पुढचं रडारच गेलं. माझ्या मते अर्धी लढाई इथेच संपली. सोबतच्या डिस्ट्रॉयरना ताफा शोधायला वेगळं पाठवलेलं, ते तिला परत भेटलेच नाहीत. दुपारी पुन्हा क्रूझरांशी गाठ पडली, तेव्हा तिने नॉर्फोकला चांगला तडाखा दिला आणि मग दक्षिणेला, घराकडे वळली, पण ब्रिटिश क्रूझर बेलफास्ट रडारवर तिला धरून मागेमागे आणि समोरून ब्रिटिश अ‍ॅडमिरल फ्रेझरची बॅटलशिप ड्यूक ऑफ यॉर्क येतेय. सव्वाचारला ड्यूक ऑफ यॉर्कच्या रडारवर ती चाळीस किलोमीटरच्या पुढे असतानाच आली. पावणेपाचनंतर डोक्यावर प्रकाशगोळे फुटले तेव्हा तिच्या तोफा शत्रूकडे वळवलेल्यासुद्धा नव्हत्या!

त्यानंतरचा तास-दीड तास घाईत वाचू नका, कारण तोवर ती वेगाच्या जोरावर निसटत चालली होती. सहा-वीसच्या सुमारास एक गोळा बॉयलर रूममध्ये घुसला, वेग पडला आणि ब्रिटिश डिस्ट्रॉयरांना टॉर्पेडो मारायला जवळ येता आलं. पावणेआठला बुडाली, १,९६८ पैकी ३६ जण वाचले.

सगळं खापर तिच्यावरून मोहिमेची सूत्रं हलवणाऱ्या रिअर अ‍ॅडमिरल बे यांच्यावर फोडणार असाल तर एक रकाना वरिष्ठांसाठीपण ठेवा, असल्या हवेत मोहीम काढायचा हुकूम जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झचा होता.