वंशावळीची हरवलेली फाईल

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून चार पिढ्यांची नावे उतरवून संगणकावर तयार केलेली वंशावळ नव्या संगणकावर कुठेच दिसेना, तेव्हा माझा जीव कासावीस झाला. फाईलचे नाव आठवत नव्हते. म्हणून जुनी हार्ड डिस्क जोडून फाईल एक्सप्लोररच्या शोधपट्टीत तारांकन (म्हणजे ‘कोणतेही नाव’), टिंब आणि ‘जीईडी’ ही इंग्रजी अक्षरे टाकली, कारण बहुतेक वंशावळ-प्रोग्रॅम जेडकॉम या वंशावळींच्या सामायिक स्वरूपात माहिती बाहेर काढून देतात आणि अशा फाईलीच्या नावाचा शेवट याच अक्षरांनी होतो. तीन फाईली सापडल्या. नोटपॅडमध्ये उघडताच पहिल्या ओळीत शून्य आणि ‘हेड’ ही जेडकॉम फाईलीची खूण दिसली, आणि बरेच खाली पणजीचे माहेरचे नाव! सर्वांत अलीकडची फाईल प्रोग्रॅममध्ये घेतली. अशा फाईलीत छायाचित्रे सहसा नसतात, त्यांचा फक्त पत्ता असतो. त्यामुळे फोटोंचे फोल्डर वेगळे शोधून जोडावे लागले.