प्रसूतीनंतरचा रक्तस्राव: नवे संशोधन लेबर रूममध्ये कसे उतरवावे

"बाळंतपणात एवढं रक्त जायचंच" हे वाक्य प्रत्येक लेबर रूममध्ये कधी ना कधी ऐकू येते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. अडचण "एवढं" या शब्दाची आहे, कारण एवढं म्हणजे किती हे कोणी मोजलेले नसते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही प्रसूतींत रक्तस्राव नेहमीप्रमाणे डोळ्यांनी अंदाजला गेला, तर काहींत तो खुणा असलेल्या पिशवीच्या ड्रेपने (बाईच्या नितंबाखाली घालायच्या, रक्त जमवणाऱ्या चादरीने) मोजला गेला, आणि डोळ्यांचा अंदाज ड्रेपच्या मोजमापापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला. अंदाज करणारी माणसे अनुभवी होती, तरीही चादरीत, पॅडमध्ये, मॉपमध्ये आणि टेबलाखाली वाटले गेलेले रक्त एकत्र जोडून पाहणे त्यांना जमले नाही. ते कोणालाच नीट जमत नाही.

गेल्या काही वर्षांतील संशोधनाने आणि सुरक्षा-सूचनांनी या विषयात नर्सच्या रोजच्या कामात नेमके काय बदलले आहे आणि तो बदल आपल्या लेबर रूममध्ये कसा आणावा, एवढ्यापुरतीच ही मांडणी आहे. औषधांचे डोस येथे आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे दिले आहेत. प्रत्यक्ष देताना आपल्या संस्थेचा प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची ऑर्डर हाच आधार धरावा.

काय बदलले

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील रुग्णालयांत झालेला 'ई-मोटिव्ह' हा अभ्यास मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. योनिमार्गे प्रसूत झालेल्या दोन लाख दहा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती त्यात होती. ज्या रुग्णालयांत खुणांच्या ड्रेपने रक्त मोजून पाच उपचार एकदम सुरू केले गेले, तिथे एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव, रक्तस्रावासाठी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यांपैकी काही घडण्याचे प्रमाण १.६ टक्के राहिले. नेहमीच्या पद्धतीने काम करणाऱ्या रुग्णालयांत ते ४.३ टक्के होते. या दुसऱ्या गटातही प्रसूतीनंतर ड्रेप लावला जात होता, फक्त त्यावर खुणा नव्हत्या, ही गोष्ट माझ्या मते साऱ्या अभ्यासात सर्वांत बोलकी आहे. रक्त पिशवीत जमत होते, पण आकडा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्यामुळे तिथे रक्तस्रावाच्या जवळपास निम्म्याच घटना वेळेत ओळखल्या गेल्या, तर खुणांच्या गटात ९३ टक्के.

त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि सुईणींच्या आंतरराष्ट्रीय संघटनांसह, नवी मार्गदर्शक सूचना काढली. पूर्वी ५०० मिलिलिटरपर्यंत वाट पाहिली जात असे. आता ३०० मिलिलिटर रक्त गेले असेल आणि त्याच वेळी नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल, तर ५०० ची वाट न पाहता उपचार सुरू करावेत असे सांगितले आहे. नाडी १०० पेक्षा जास्त, वरचा रक्तदाब १०० पेक्षा कमी, खालचा ६० पेक्षा कमी, किंवा शॉक इंडेक्स १ पेक्षा जास्त, यांपैकी एक जरी आढळले तरी पुरते. शॉक इंडेक्स म्हणजे नाडीला वरच्या रक्तदाबाने भागणे. नाडी १०८ आणि रक्तदाब १०६/७० असेल तर वाचन वरवर "बरं" वाटते, पण भागाकार १.०२ येतो, आणि ड्रेपमध्ये ३२० मिलिलिटर असेल तर ही बाई उपचाराच्या रेषेपलीकडे गेलेली आहे.

ड्रेप लावताना आणि वाचताना

ड्रेप बाळ बाहेर आल्यावर लगेच, गर्भजल वाहून गेल्यानंतर, नितंबाखाली सरकवावा. आधी लावला तर गर्भजल आणि लघवी पिशवीत जमते, आणि आकडा फुगल्याचे दोनचार वेळा दिसले की सगळा स्टाफ त्या आकड्यावरचा विश्वास गमावतो. पिशवी टेबलाच्या कडेवरून मोकळी लोंबली पाहिजे. ती घडी पडून राहिली किंवा बादलीच्या काठावर टेकली तर पातळी चुकते. वाचताना खाली वाकून डोळे खुणेच्या रेषेत आणावेत. वरून पाहिले तर पिशवीचा फुगवटा फसवतो. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी रक्ताची पातळी, नाडी, रक्तदाब आणि गर्भाशयाचा कडकपणा एकत्र पाहून एकाच ओळीत लिहावे. चार गोष्टी चार वेगवेगळ्या कागदांवर लिहिल्या तर त्यांची सांगड कोणीच घालत नाही.

ड्रेप उपलब्ध नसतील तर पॅड आणि मॉप वजनावर मोजावेत. भिजलेल्या पॅडच्या वजनातून कोरड्याचे वजन वजा केले की प्रत्येक ग्रॅमला साधारण एक मिलिलिटर धरता येते. त्यासाठी एक साधा डिजिटल काटा आणि आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या पॅडचे कोरडे वजन लिहिलेली चिठ्ठी भिंतीवर हवी, कारण ते वजन आयत्या वेळी कोणालाही आठवत नाही.

पंधरा मिनिटांत पाच कामे

रेषा ओलांडली की पाच कामे एकामागून एक न करता जवळजवळ एकाच वेळी, पंधरा मिनिटांच्या आत सुरू व्हायची असतात. या पाच कामांच्या संचाला बंडल म्हणतात. आपली जुनी सवय नेमकी याच्या उलट आहे. मसाज करून पाहायचा, नाही थांबले तर ऑक्सिटोसिन वाढवायचे, तरी नाही थांबले तर डॉक्टरांना फोन करायचा, आणि प्रत्येक पायरीवर दहा मिनिटे "बघू या" म्हणण्यात जातात.

पहिले काम गर्भाशयाचा मसाज, तो कडक होईपर्यंत. दुसरे, गर्भाशय आकुंचन पावणारे औषध. अभ्यासात ऑक्सिटोसिन १० युनिट शिरेतून, सलाईनमध्ये मिसळून दिले असल्यास दहा मिनिटांत, आणि पुढे २० युनिट एक लिटर सलाईनमध्ये चार तासांत, अशी पद्धत होती. ऑक्सिटोसिन शिरेतून एकदम ढकलू नये, त्याने रक्तदाब कोसळतो. मेथर्जिन हाताशी असले तरी रक्तदाब वाढलेल्या बाईला ते चालत नाही, आणि कार्बोप्रोस्ट दम्याच्या बाईला चालत नाही. म्हणून या दोन प्रश्नांची उत्तरे दाखल करतानाच केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेली असावीत. तिसरे, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत. चौथे, गरजेप्रमाणे सलाईन. पाचवे, तपासणी आणि मदतीची हाक: मूत्राशय रिकामे आहे का, गुठळ्या अडकल्या आहेत का, वार पूर्ण पडली आहे का, कुठे फाटले आहे का. तपासणी शेवटी सांगितली असली तरी गर्भाशय कडक असताना रक्त थांबत नसेल तर आधी फाटलेल्या जागेचाच संशय घ्यावा.

दोन सिस्टर असतील तर वाटणी ड्यूटीच्या सुरुवातीलाच ठरवावी. एकीचे हात पोटावर, दुसरीचे औषधांवर, आणि फोन आयाने किंवा वॉर्डबॉयने करायचा. फोनवर "रक्त जास्त जातंय" असे मोघम न सांगता "साडेतीनशे मिलिलिटर, नाडी ११२, बंडल सुरू केलंय, या" असे सांगावे. या बाबतीत ड्रेपचा उपयोग वैद्यकीय तर आहेच, पण सामाजिकही आहे, असे मला अनुभवाने वाटते. नव्या स्टाफ नर्सच्या "मला जास्त वाटतंय" याला वरिष्ठ सहज बाजूला सारू शकतात. साडेतीनशेचा आकडा तसा बाजूला सारता येत नाही.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची अँप्यूल

या औषधाचा आधार 'वूमन' नावाचा अभ्यास आहे. २१ देशांतील २०,०६० स्त्रियांवर झालेल्या या अभ्यासात, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले. तीन तासांनंतर फायदा दिसला नाही. पुढच्या विश्लेषणात दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो असे आढळले. त्यामुळे हे औषध कुलुपात आणि चावी दुसऱ्या मजल्यावर, ही व्यवस्था कागदोपत्री कितीही शिस्तीची असली तरी या बाईच्या दृष्टीने ते औषध नसल्यासारखेच आहे. आमच्याकडे पहिल्यांदा सराव घेतला तेव्हा सर्वांत जास्त वेळ चावी शोधण्यातच गेला.

अँप्यूल साधारणपणे ५ मिलिलिटरची, ५०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे एक ग्रॅमसाठी दोन अँप्यूल, एकूण १० मिलिलिटर. सरळ सिरिंजने द्यायचे तर मिनिटाला एक मिलिलिटर, घड्याळ पाहून. घाईत दोन मिनिटांत ढकलले तर रक्तदाब घसरू शकतो. शंभर किंवा दोनशे मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून दहा मिनिटांत सोडणे एकट्या सिस्टरला जास्त सोयीचे पडते, कारण तिचे हात मोकळे राहतात. अर्ध्या तासानंतरही रक्त जात असेल तर दुसरा एक ग्रॅम देता येतो.

आता सुरक्षेची सूचना. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये एकाच चुकीबद्दल इशारा दिला. सिझेरियनच्या वेळी पाठीच्या कण्यात द्यायच्या बुपिव्हॅकेन या भुलीच्या औषधाऐवजी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड भरले गेल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. दोन्ही अँप्यूल लहान, पारदर्शक आणि दिसायला सारख्याच असतात. कण्यात गेलेले हे औषध मज्जासंस्थेतील आवर घालणारे संदेश रोखते, काही मिनिटांत पाठीत व पायांत तीव्र वेदना आणि झटके सुरू होतात, हृदयाची लय बिघडते, आणि नोंदवलेल्या घटनांपैकी जवळपास निम्म्या जीवघेण्या ठरल्या आहेत.

म्हणून हे औषध शक्यतो ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ठेवायचे, आणि भूलतज्ज्ञांच्या ट्रॉलीवर किंवा स्पायनलच्या ट्रेमध्ये कधीही ठेवायचे नाही. अँप्यूल डब्यात उभ्या खोचून ठेवल्या की वरून फक्त टोके दिसतात आणि हात रंगावर विसंबतो. त्या आडव्या, लेबल वर करून ठेवाव्यात. अँप्यूल फोडण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचावे आणि भूलतज्ज्ञांनी ते स्वतः वाचावे. दाखवणाऱ्याने लेबल झाकले जाईल अशी अँप्यूल चिमटीत धरू नये, ही लहानशी बाब विद्यार्थिनींना मुद्दाम शिकवावी लागते. औषध पुरवणारी कंपनी बदलली की अँप्यूलचे रूप बदलते. त्या दिवशी जुनी आणि नवी अँप्यूल शेजारी ठेवून सगळ्या शिफ्टना दाखवावी.

कोणता अभ्यास कुठवर लागू

औषध एवढे उपयोगी, तर रक्त कमी असलेल्या प्रत्येक बाईला प्रसूतीनंतर लगेच, रक्तस्राव व्हायच्या आधीच का देऊ नये, असे एखादा निवासी डॉक्टर विचारतोच. प्रश्न रास्त आहे आणि तो तपासलाही गेला आहे. 'वूमन-२' हा अभ्यास पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियातील मध्यम किंवा तीव्र ॲनिमिया असलेल्या पंधरा हजारांवर स्त्रियांवर झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तस्रावाचे निदान औषध मिळालेल्यांत ७.० टक्के आणि न मिळालेल्यांत ६.६ टक्के स्त्रियांत झाले, म्हणजे प्रतिबंधासाठी फायदा आढळला नाही. नवी बातमी कानावर आली की ती कोणत्या बायकांवर तपासली, उपचारासाठी की प्रतिबंधासाठी, आणि शेवटी मोजले काय, एवढे तीन प्रश्न आधी विचारावेत. ई-मोटिव्हलाही ही मर्यादा आहे. तो योनिमार्गे प्रसूतींचा अभ्यास होता, त्याचे आकडे सिझेरियनला जसेच्या तसे लावू नयेत.

ऑक्सिटोसिनबद्दल थोडक्यात: ते २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. फ्रिज रात्रभर बंद पडला असेल तर आधी तो साठा बाजूला काढावा, मग चौकशी करावी. औषध नुसते निष्प्रभ झाले असेल तर त्याची कोणतीही खूण बाहेरून दिसत नाही. कोणत्याही औषधाची विपरीत प्रतिक्रिया दिसली तर नर्स स्वतः ती भारताच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाकडे नोंदवू शकते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालणाऱ्या या कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

सुरुवात कशी करावी

एकदम संपूर्ण प्रोटोकॉल बदलायला जाऊ नये. पहिला पंधरवडा फक्त मोजावे आणि लिहावे, उपचार चालू पद्धतीनेच ठेवावेत. बहुतेक ठिकाणी रजिस्टरमधले रक्तस्रावाचे आकडे याच पंधरवड्यात वाढलेले दिसतील आणि कोणीतरी विचारेल की अचानक रक्तस्राव कसे वाढले. रक्तस्राव वाढलेले नाहीत, ते आता दिसू लागले आहेत, हे इनचार्ज सिस्टरने अधीक्षकांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे मेमो येणार नाही. त्यानंतर एक पेटी भरावी: दोन जाड कॅन्युला, सलाईन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या दोन अँप्यूल, मिसोप्रोस्टॉल, कॅथेटर, आणि ऑक्सिटोसिन फ्रिजच्या कोणत्या कप्प्यात आहे ते लिहिलेला कागद. पेटीला कुलूप न लावता कागदी सील लावावे, म्हणजे ती उघडली गेली की लगेच कळते, आणि प्रत्येक शिफ्टने सील पाहून सही करावी.

ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे बाई सोपवताना, "नॉर्मल डिलिव्हरी, पीपी (प्रसूतीनंतरची स्थिती) बरं" हे पुरे नाही. "तीन नंबर, दुसरी खेप, सव्वाचारला प्रसूती, ड्रेपमध्ये २८०, नंतरच्या पॅडमध्ये ६०, शेवटची नाडी ९२, रक्तदाब ११०/७०, लघवी साडेपाचला झाली, पुढचं पॅड सहाला तोलायचं" असे सांगून, ते सांगत असतानाच दोघींनी मिळून पोटावर हात ठेवून गर्भाशय तपासावे.