राजाराम बंधाऱ्याचे फूट आपल्या गल्लीच्या नकाशावर कसे आणायचे

पावसाळ्यात कोल्हापुरात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच आकडा फिरतोय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट. ३९ इशारा, ४३ धोका हे शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे. पण ४३ झाल्यावर आपल्या कोपऱ्यावर पाणी येणार का नाही ते या आकड्यावरून कळत नाही, ते तिथं राहणाऱ्यांनाच माहिती. हीच माहिती नकाशावर टाकता येते, फुकटात, आणि कोडिंग यायला लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ एक्सेल शीटला द्या. कॉलम एवढेच: ठिकाण, अक्षांश, रेखांश, वर्ष, आणि तिथं पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा बंधाऱ्याला किती फूट होतं. हा शेवटचा कॉलम म्हणजे खरा माल. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुराचं वेगवेगळ्या ओळीत लिहा. लोकांना फूट आठवत नसतील तर पुराचे फोटो मागा, पण व्हॉट्सअपवर फिरलेले नको, गॅलरीतला मूळ फोटो बघा, त्याच्या डिटेल्समध्ये तारीख वेळ असते, मग त्या वेळेची बंधाऱ्याची पातळी जुन्या मेसेजमधून किंवा पेपरातून शोधायची. तालमीतली चार पोरं आणि गल्लीतली दोन म्हातारी माणसं एकत्र बसवलीत तर हे काम लई पटकन होतं.

लोकेशनसाठी गुगल मॅपवर त्या जागी बोट दाबून धरा, दोन आकडे येतात. पहिला १६ ने सुरू होतो तो अक्षांश, दुसरा ७४ वाला रेखांश. उलटे पडले तर तुमचा दुधाळीचा पॉइंट थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो! आणि दशांशाचे पाच आकडे घ्याच, दोनच घेतले तर जवळजवळ एक किलोमीटरचा फरक पडू शकतो आणि शुक्रवार पेठेतलं घर नदीपलीकडं दिसायला लागतं.

एक्सेलमध्ये सेव्ह ॲज करताना फाईलचा प्रकार सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी नावांचे चौकोन होतात. मग कॉम्प्युटरवर गुगल माय मॅप्स (आपला नकाशा बनवायची गुगलची वेबसाइट) उघडून ती फाईल इम्पोर्ट करायची, अक्षांश रेखांशाचे कॉलम दाखवायचे, झालं. नंतर स्टाईलमध्ये फुटांचा कॉलम निवडून रेंज पाडा. माझं म्हणणं, रंग एकच ठेवा, फिकट ते गडद, आणि जिथं कमी फुटाला पाणी येतं तिथं गडद, कारण त्यांना आधी बाहेर पडायचंय. सात रंगांची रांगोळी काढली की बघणाऱ्याला काहीच समजत नाही.

अजून पुढं जायचं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट आहे. त्यात डिलिमिटेड टेक्स्ट लेयर म्हणून हीच फाईल टाकायची, एक्सला रेखांश, वायला अक्षांश, सीआरएस (म्हणजे जागा कुठल्या पद्धतीनं मोजलीय ते) ईपीएसजी ४३२६, ही साधी अक्षांश-रेखांशाची पद्धत. अंतर मोजायचं झालं तर लेयर ईपीएसजी ३२६४३ मध्ये एक्स्पोर्ट करून घ्या, तो आपल्या भागाचा यूटीएम झोन ४३ उत्तर, त्यात मोजमाप मीटरमध्ये असतं.

हीटमॅपचं (पॉइंटची गर्दी रंगानं दाखवायचं) बटण मात्र दाबू नका, कळकळीनं सांगतो. साधा हीटमॅप पाणी कुठं जास्त होतं ते दाखवत नाही, ज्या गल्लीतनं जास्त लोकांनी माहिती दिली ती लालभडक करतो. दोन पॉइंटच्या मधला भाग अंदाजानं रंगवणं पण तेवढंच वाईट, कारण आपल्याकडं पाणी नदीकडनं सरळ चालत येत नाही, शहरातनं नदीला मिळणाऱ्या जयंती नाल्यातनं उलटं फुगून भलतीकडंच वर येतं. पॉइंट आहे तिथं माहिती आहे, नाही तिथं नकाशा कोराच राहू दे.

शेअर करताना लिंक फक्त बघण्यापुरती ठेवा, शीटमध्ये कुणाचं नाव, मोबाईल नंबर नको, आणि पॉइंट घराच्या दारावर न टाकता गल्लीच्या तोंडाला टाका. एक मोठी प्रिंट काढून तालमीच्या भिंतीवर पण लावा, पुरात लाईट गेली की मोबाईल किती वेळ चालणार? प्रिंटवर कोपऱ्यात माहिती कुठल्या सालापर्यंतची आहे ते ठळक लिहा.