बाजारातून आणलेल्या म्हशीला त्याच संध्याकाळी सुई नको

‘जनावराला कसलं आलंय टेन्शन?’ असं हसून विचारणारे दर वर्षी भेटतात. त्यांच्यातल्याच कुणाचा तरी जूनमध्ये पहाटे फोन येतो.

मृगाला तीन आठवडे उरलेत. माण-खटाव, आटपाडी-जत पट्ट्यात दुपारी अंग भाजतंय, संध्याकाळी वळवानं गोठा गारठतोय. अन् नेमक्या याच दिवसांत बाजारातून जनावरं आणायची घाई.

खटावच्या एका वस्तीवर पाहिलेलं सांगतो. भर दुपारी टेम्पोत चार तास उभी राहून म्हैस आली. उतरवल्या उतरवल्या जंताचं औषध पाजलं, लस टोचली, वर दुकानदारानं गळ्यात मारलेलं ‘इम्युनिटी’चं टॉनिक. बांधली घरच्या रेडीशेजारीच, एका बादलीवर. चौथ्या दिवशी घसा सुजला, श्वास घरघरायला लागला, उजाडायच्या आत म्हैस गेली. मागोमाग रेडी. टॉनिकची बाटली कोनाड्यात अर्धी तशीच होती.

घटसर्पाचे (घसा सुजून श्वास कोंडणाऱ्या जीवघेण्या रोगाचे) जंतू काही धडधाकट जनावरांच्या घशात गुपचूप असतात. प्रवास, ऊन, उपास, अनोळखी दावण यांच्या ताणानं मूत्रपिंडांजवळच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त सुटतं. ते वाढलं की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. त्यातल्या काही रक्तात उलट जास्त दिसतात, कारण शिरेच्या भिंतीला चिकटून बाहेर पडायचंच विसरतात. पोलीस रस्त्यावर फिरतायत आणि चोर घरात, तशी गत. गोचिडतापाचे दबलेले जंतूही अशाच वेळी डोकं काढतात. या अवस्थेत दिलेली लस अंगी नीट लागत नाही. लस वाईट नाही, वेळ चुकते.

म्हणून नव्या जनावराचं असं करा. पहाटे किंवा रात्री आणा. उतरल्यावर सावली आणि पाणी, बाकी काही नाही. बादलीत मूठभर मीठ, पावशेर गूळ. पहिल्या दिवशी कडबा. पेंड-भरडा चार दिवसांनी, थोडा थोडा. जंतनाशक आठवड्यानं, लस साधारण दोन आठवड्यांनी, तीही ताप नसेल तर. गावात साथ असेल तर मात्र डॉक्टर सांगतील ती वेळ. तीन आठवडे वेगळं बांधा. एकच गोठा असेल तर दुसऱ्या टोकाला, बादली वेगळी, धार शेवटी.

माझा एक अनुभव, पुस्तकात शोधू नका: विकणाऱ्याकडून जुनं दावं आणि पेंढीभर त्याच्याकडची वैरण मागून आणा. असं आणलेलं जनावर लवकर रवंथ करतं. रवंथ सुरू झाला की निम्मी काळजी मिटली.

घरच्या जनावरांचं उलट आहे. त्यांची लस आत्ताच, याच आठवड्यात, सकाळच्या गारव्यात टोचून घ्या. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. पाऊस पडल्यावर धावून उपयोग नाही.

- घटसर्प-फऱ्या (फऱ्या म्हणजे मांसल भागाला सूज येणारा रोग): डोस लसीप्रमाणे बदलतो, बाटलीवरचाच पाळावा
- शेळ्या-मेंढ्या, आंत्रविषार (आतड्यातल्या विषानं होणारा रोग): २.५ मिली कातडीखाली. पहिल्यांदाच असेल तर १४ दिवसांनी पुन्हा
- पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग): १ मिली कातडीखाली
- लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, बर्फाच्या डब्यातून आणलेली
- खनिज मिश्रण: मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम
- गोचिडांचा बंदोबस्त, गोठ्याचा निचरा, पत्र्यावर पाचट टाकणं

व्यायच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन आठवडे हीसुद्धा ताणाचीच वेळ. त्या दिवसांत गाभण म्हशीची जागा बदलू नका. कासदाह (कासेची सूज) आणि व्याल्यावर वार न पडणं इथंच जास्त दिसतं. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, कातडी काळी, त्यामुळं दुपारी अंगावर पाणी मारा. दुभत्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला ऐंशी-शंभर लिटर पाणी लागू शकतं. दोनदा बादली दाखवून भागत नाही, हौद भरलेला ठेवा.

टॉनिकची महागडी बाटली घ्यायच्या आधी त्याच पैशात सावलीची जाळी किती येते ते विचारा.

ताप १०४ फॅरनहाइटच्या वर, घशाखाली गरम सूज, लाळ, धाप, यातलं काहीही दिसलं की दुकानात जाऊ नका, थेट डॉक्टर किंवा १९६२ ही जनावरांच्या दवाखान्याची हेल्पलाइन. घटसर्पात अर्धा दिवससुद्धा फार होतो.