पहिल्या माउंटन बाईक क्रॉस-कंट्री रेसआधीची तयारी

आधी टायर बघ, बाकी सगळं नंतर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला नेदरलँड्सची पक पीटर्से दुसऱ्या नंबरवर होती आणि पंक्चर झालं, तसंच टेक झोनपर्यंत, म्हणजे कोर्सवरच्या दुरुस्तीच्या ठरलेल्या जागेपर्यंत, नेऊन चाक बदललं पण शेवटी चौथी आली, मेडल गेलं. तिची ही गत तर आपली काय कथा. आपल्याकडच्या उकाड्यात ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमधलं सीलंट, म्हणजे बारीक भोकं आपोआप बुजवणारं द्रव, दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून चाक कानाजवळ धरून हलव, आत पाणी खळखळल्यासारखा आवाज आला तर ठीक, नाहीतर नवीन ओत. मी एकदा नुसता पंप मारून ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात गेले होते, टायर फाटल्यावर उघडला तर आत नुसती रबराची साल चिकटलेली, तीन किलोमीटर सायकल ढकलत आणली.

प्लग (टायरच्या भोकात खुपसायची रबरी पट्टी), छोटा पंप, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक आणि मागचा गिअर जिथे अडकतो तो एक स्पेअर हँगर जवळ ठेवच, कारण टेक झोनच्या बाहेर घरच्यांनी किंवा प्रेक्षकांनी मदत केलेली चालत नाही, स्वतःचं स्वतः करायचं, आणि अख्खी सायकल तर बदलताच येत नाही. प्लग लावायची प्रॅक्टिस घरी जुन्या टायरवर कर, घामेजल्या हाताने आणि धापा टाकत, नुसतं व्हिडिओ बघून नाही जमत गं.

बोल्टही चेक कर, समुद्राच्या हवेने गंज चढतो.

मग कोर्स. आदल्या दिवशी चालत फिर, दगडांवर थांब, बी लाईन, म्हणजे अवघड जागेला वळसा घालणारी सोपी पण लांबची वाट, पण बघून ठेव. त्याच पॅरिसच्या रेसमध्ये फ्रान्सची लोआना लकोम्त दगडांवर अशी आपटली की रेस सोडावी लागली, आणि तो तिच्या घरचा देश होता! अवघड उतारावर उतरून सायकल हातात धरून पळालीस तर कमीपणा नाही, ते नियमात बसतं. सुरुवातीला मात्र जीव तोडून मार, कारण सिंगलट्रॅक, म्हणजे एकच सायकल मावेल अशी अरुंद वाट, सुरू झाला की पुढचीला ओव्हरटेक करायला जागाच मिळत नाही, आणि लीडरला पहिल्या फेरीला लागलेल्या वेळेच्या ऐंशी टक्क्यांइतकी मागे पडलीस तर मध्येच बाहेर काढतात, तो ऐंशी टक्क्यांचा नियम.

खाणं साधंच ठेव, सकाळी तीन तास आधी मऊ भात-दही किंवा पोहे, खिशात खजूर. नवीन एनर्जी जेल त्या दिवशी पहिल्यांदा अजिबात नको. पाळीची तारीख जवळ असेल तर सगळं सामान बॅगेत आधीच टाक आणि कोचला बिनधास्त सांग.

आणि मावशीला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी दहा मिनिटं उभी कर, बाटली वरून दोन बोटांनी धरायची, तू जवळ आलीस की जागेवरच उभं राहून पुढे करायची आणि तुझ्या हाताला लागली की सोडून द्यायची. परवा तिने घट्ट धरून ठेवली आणि तू पडता पडता वाचलीस ना, ते तिकडे फीड झोनमध्ये, म्हणजे रेसमध्ये पाणी द्यायच्या जागेत, व्हायला नको.