गाडी किती सेकंदांनी सुटते? थीम पार्कमधली रांग मोजण्याची आणि उपयोगी पडेल अशी तक्रार लिहिण्याची रीत

तिकीट महागलं, गर्दी सोसवत नाही, देखभालीकडे कुणाचं लक्ष नाही. थीम पार्कच्या चाहत्यांच्या या तीन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात. रांगेत उभं राहून घड्याळ लावलं की तिन्ही एकाच आकड्याशी येऊन थांबतात: ही राइड तासाला किती माणसं नेते? तो आकडा काढता आला तर दिवस कसा आखायचा, पैसे कुठे घालायचे आणि कशाबद्दल भांडायचं, हे ठरवणं बरंच सोपं होतं.

आधी मोजा

राइडच्या स्टेशनमधून, म्हणजे माणसं चढतात-उतरतात तिथून, गाडी सुटताना दिसेल अशी जागा धरा. फोनवर स्टॉपवॉच लावा आणि सलग सहा गाड्या सुटण्याच्या वेळा टिपा. मधली पाच अंतरं हाती येतील. त्यांची सरासरी काढू नका, लहानमोठी लावून मधला आकडा घ्या. एखाद्या गाडीला काही कारणाने जास्त वेळ लागला तर सरासरी उगाच फुगते. मग गाडीतल्या भरलेल्या जागा मोजा, आसनं नव्हे. तासाच्या ३६०० सेकंदांना अंतराच्या त्या मधल्या आकड्याने भागा आणि भरलेल्या जागांनी गुणा.

समजा गाडी २४ जणांची आहे आणि दर ६० सेकंदांनी सुटते. तासाला १४४० माणसं झाली. हेच अंतर ९० सेकंदांवर गेलं की ९६०. त्यातही दर गाडीत तीन जागा रिकाम्या जात असतील तर ८४०. तुमच्यापुढे ७२० माणसं असतील तर पहिल्या स्थितीत अर्धा तास लागतो, दुसऱ्या स्थितीत पाऊण तास आणि तिसऱ्या स्थितीत जवळपास ५१ मिनिटं. गर्दी तेवढीच, पार्कात एकही माणूस वाढलेला नाही.

आता खरा प्रश्न: अंतर का वाढलं? त्यासाठी स्टेशनकडे बघत राहायचं. परत आलेली गाडी स्टेशनाबाहेरच्या ब्रेकवर ताटकळत असेल, तर खोळंबा स्टेशनात आहे: प्रवाशांना आसनात धरून ठेवणारे बार तपासायला माणसं कमी आहेत, किंवा बॅगा ठेवण्या-उचलण्यात वेळ जातोय. उलट स्टेशन रिकामं पडलंय, माणसं गाडीत चढायच्या फाटकाशी तयार उभी आहेत आणि गाडीची वाट बघतायत, तर एक गाडी कमी आहे. ती बहुतेक वेळा बाजूच्या रुळावर किंवा शेडमध्ये दिसतेही. सुट्या भागांसाठी अडलेली असेल, वार्षिक कामासाठी उघडलेली असेल, किंवा मनुष्यबळ वाचवायला मुद्दाम काढलेली असेल. बाहेरून यातलं नेमकं कारण कळत नाही, म्हणून तक्रारीत ते ठोकून द्यायचं नाही. रांगच नसलेल्या दिवशी कमी गाड्या चालवणं हा मात्र दोष नव्हे. गाड्या आणि चाकं विनाकारण झिजवण्यात कुणाचंच भलं नाही.

जास्त गाड्या आणून प्रश्न सुटेलच असंही नाही. रोलरकोस्टरचा मार्ग ब्लॉकमध्ये, म्हणजे टप्प्यांत, विभागलेला असतो आणि एका ब्लॉकात एका वेळी एकच गाडी असते. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी पुढे सोडली जात नाही. स्टेशनातच उशीर होत असेल तर जादा गाडी फक्त ब्रेकवर उभी राहते.

पैसेवाली रांग

आधी वेळ राखून वेगळ्या, जलद रांगेतून जायची डिस्नेची फास्टपास पद्धत १९९९ मध्ये आली तेव्हा ती तिकिटातच होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तिची जागा पैसे मोजून घ्यायच्या जिनी प्लसने घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये त्याचं नाव लायटनिंग लेन मल्टी पास झालं. चाहत्यांचा राग मुख्यतः या बदलावर आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण फुकट असो वा विकत, अशी रांग एकही नवी जागा तयार करत नाही, असलेल्या जागा फक्त वेगळ्या वाटते.

वाटप किती ते दोन रांगा एकत्र येतात तिथे दिसतं. तिथून आत सोडलेली १०० माणसं मोजा. त्यातली ७५ पैसेवाल्या रांगेतली निघाली, तर ९६० च्या राइडवर साध्या रांगेच्या वाट्याला तासाला २४० उरतात. म्हणून २४० जणांची, दिसायला आखूड रांग पूर्ण तास घेते. रांगेची लांबी बघून अंदाज बांधणारे इथेच फसतात.

पास घ्यायचा की नाही, याचा हिशेब असा करावा. हव्या असलेल्या राइडची यादी लिहा. पार्क उघडल्यावर पहिल्या तासात होतील त्या खोडा. शेवटच्या तासात होतील त्याही खोडा. एकट्याने बसणाऱ्यांसाठी वेगळी रांग असेल आणि वेगवेगळं बसायला तुमची हरकत नसेल, तर त्याही. उरलेल्या राइड दोन-तीनच असतील तर पास घेऊ नका. पाच-सहा उरल्या आणि पुन्हा यायचा बेत नसेल तर घ्या. ठरावीक वेळ देणाऱ्या पासात जवळच्या वेळा आधी संपतात, तेव्हा असा पास घ्यायचाच तर सकाळी लवकर घ्यावा. दिवसभर कितीही वेळा चालणारा पास असेल आणि तो आतही मिळत असेल, तर पहिला तासभर रांगा बघून मग ठरवलेलं बरं.

तिकीट: दिवसाचा नव्हे, तासाचा भाव बघा

डिस्नेलँडने २०१६ मध्ये एका दिवसाच्या तिकिटाचे तारखेनुसार तीन दर केले. आता अनेक मोठ्या पार्कांत हीच पद्धत आहे. त्याचा एक फायदा क्वचित कुणी घेतं: दरांचं कॅलेंडर म्हणजे पार्कनेच बांधलेला गर्दीचा अंदाज. तुमच्याकडे वार्षिक पास असला तरी ते उघडून बघा.

स्वस्त दिवस मात्र आंधळेपणाने निवडू नका. गर्दी कमी असते तेव्हाच पार्क लवकर बंद होतं आणि मोठ्या राइड दुरुस्तीला जातात. १०० च्या तिकिटात १२ तास मिळत असतील तर तासाला सव्वाआठच्या आसपास पडतात. ८० च्या तिकिटात ८ तास, तर तासाला १०. स्वस्त दिवस महाग पडला. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या तारखेच्या वेळा आणि बंद राइडची यादी, दोन्हींचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. हाच पुढे तक्रारीत लागतो. बाकी खर्चात पार्किंग आणि लॉकर चोरपावलांनी येतात. चेनचे खिसे असलेले कपडे घातले तर लॉकरचा खर्च बऱ्यापैकी टळतो.

दिवसाचा क्रम

उघडण्याच्या पाऊण तास आधी फाटकावर या. आत शिरल्यावर बहुतेक जण सर्वात गाजलेल्या कोस्टरकडे धावतात. त्याऐवजी तासाला ४००-५०० माणसंच नेणारी, पण लोकप्रिय अशी राइड आधी करा. तिची रांग एकदा वाढली की दिवसभर ओसरत नाही. तासाला दोन हजार नेणाऱ्या बोटीच्या राइड दुपारसाठी राखा. जेवण ११ ला किंवा अडीचनंतर. मिरवणूक सुरू असताना राइडवर. संध्याकाळी राइडच्या फलकावर लिहिलेली थांबण्याची वेळ अनेकदा खऱ्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे ती वाचून परत फिरू नका. दोन मिनिटं मोजा आणि मग ठरवा. बंद होण्याआधी रांगेत असलेल्यांना बऱ्याच ठिकाणी राइड देतात, पण ते प्रवेशावरच्या कर्मचाऱ्याला आधी विचारावं.

बंद पडलेली राइड पुन्हा सुरू झाली की लगेच उडी मारू नका. मधल्या काळात अडकलेले पासधारक सगळे एकदम येतात आणि साधी रांग जागची हलत नाही.

देखभाल: काय दिसलं तर काय समजायचं

उडालेला रंग, विझलेले दिवे, हात अडकलेला पुतळा: हे वाईट दिसतं, पण त्यावरून राइड धोकादायक ठरत नाही. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या ॲनिमल किंगडम पार्कातली एक्स्पिडिशन एव्हरेस्ट ही कोस्टर राइड २००६ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या महाकाय यतीची हालचाल सुरुवातीनंतर थोड्याच काळात बंद पडली. तेव्हापासून झगमगत्या दिव्यांनी हालचालीचा भास करून काम भागवलं गेलं. कोस्टर मात्र चालू राहिला. सजावटीची देखभाल आणि यंत्राची देखभाल वेगळी असते, आणि तक्रारीतही ती वेगळी ठेवावी लागते.

यंत्राबद्दल प्रवाशाला सर्वात जास्त सांगतो तो हादरा. बऱ्याच पोलादी कोस्टरच्या चाकांवर पॉलियुरेथेनचा (रबरासारख्या प्लास्टिकचा) थर असतो. तो एका जागी सपाट झाला किंवा झिजला की ठराविक तालात ठकठक जाणवते आणि वेगाबरोबर ताल जलद होतो. हा ठोका एकाच गाडीत असेल तर संशय चाकावर. प्रत्येक गाडीत, पण मार्गाच्या त्याच वळणावर बसत असेल तर संशय रुळावर. म्हणून गाडीचा रंग किंवा क्रमांक, ओळ आणि जागा टिपल्याशिवाय ‘राइड खडबडीत झाली’ या वाक्याला काही किंमत नाही. ओळही महत्त्वाची: चाकांच्या बरोबर वरची आसनं मधल्या आसनांपेक्षा सहसा जास्त हादरतात.

पोलादी रुळाच्या ज्या भागावरून चाक फिरतं तो रंग उडून चकचकीत दिसतो. तो दोष नाही, तसाच असायला हवा. तोच भाग तांबूस गंजलेला दिसला आणि फलकावर ‘तात्पुरती बंद’ लिहिलं असेल, तर ती राइड सकाळपासून नव्हे, काही दिवसांपासून फिरलेली नसण्याची शक्यता जास्त.

राइड अधूनमधून थांबणं हे निष्काळजीपणाचंच लक्षण असं नाही. सेन्सरचा मेळ बसला नाही तर गाडी थांबवणं हेच त्या यंत्रणेचं काम. जोराचा वारा आणि वीज हीसुद्धा थांबवण्याची कारणं, आणि कडक थंडीत ग्रीस घट्ट होऊन गाडी मंदावते. ऑफ सीझनला महिनाभर बंद असलेल्या राइडवर तर चिडूच नये. तेव्हाच गाड्या सुट्या करून ॲक्सल आणि वेल्डिंगच्या जोडांत तडे आहेत का ते चुंबकीय चाचणीने पाहतात.

न लागणारा बार, रांगेतला बाहेर आलेला खिळा, उघडी वायर, तुटलेली पायरी: हे दिसलं तर मात्र फोटोच्या आधी तिथल्या ऑपरेटरला सांगा.

तक्रार

पार्क सोडण्याआधी ग्राहक सेवा कक्षात जा, नोंद क्रमांक मागा, मग त्याच दिवशी लेखी पाठवा. एका पत्रात एकच मुद्दा आणि एकच मागणी. ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ या वाक्यावर माफीचं छापील पत्र येतं. ज्यात राइड, वेळ आणि सेकंद आहेत ते पत्र त्या राइडच्या विभागाकडे पाठवण्याजोगं असतं.

सुरक्षेचं असेल आणि पार्क दाद देत नसेल तर नियामकाकडे जायचं, पण तो कोण हे आधी शोधा. अमेरिकेत ग्राहक सुरक्षेच्या केंद्रीय आयोगाचा अधिकार १९८१ पासून फिरत्या जत्रांच्या राइडपुरता आहे. कायमस्वरूपी पार्क राज्यांकडे येतात. त्यातही फ्लोरिडात हजारावर कर्मचारी आणि स्वतःचे निरीक्षक असलेली मोठी पार्कं राज्याच्या तपासणीतून वगळलेली आहेत. चुकीच्या दारात ठेवलेलं पत्र महिनोन्‌महिने फिरतं.

मसुदा एवढाच पुरे:

‘अमुक तारखेला दुपारी २:१० ते २:२५ या वेळेत अमुक कोस्टरवर गाड्या ९० सेकंदांच्या अंतराने सुटत होत्या. फाटकाशी माणसं तयार असताना स्टेशन रिकामं होतं. एक गाडी बाजूच्या रुळावर उभी होती, फोटो जोडला आहे. फलकावर ३० मिनिटं लिहिली होती, प्रत्यक्षात ५० लागली. तिकीट घेताना कमी क्षमतेची सूचना नव्हती, त्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत आहे. पुढील भेटीत या राइडवर एकदा थेट प्रवेश मिळावा. नोंद क्रमांक अमुक.’